न धरलेलें कलम

नकार ऐकून घ्यावा कसा, हें आपल्याला कोणी शिकवीत नाहीं. कचेरींतून अर्ज परत आला, तर तो कां परत आला हें वाचण्यापूर्वींच आपण तेथील कारकुनाच्या स्वभावाविषयीं मत बनवून मोकळे होतों. वैद्यानें एखादें पथ्य सांगितलें, तर त्याचें कारण विचारण्याऐवजीं दुसरा वैद्य शोधूं लागतों. यंत्रांच्या बाबतींत तर हा उतावळेपणा अधिकच दिसून येतो. यंत्राला मन नाहीं हें आपण जाणतों. तरी तें अडून बसलें कीं त्याला हट्टी, खोडसाळ, कृतघ्न अशीं विशेषणें देण्यास आपल्याला कांहींच दिक्कत वाटत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत माझ्या टेबलावरील संगणकानें मला असाच एक नकार दिला, आणि त्याचा अर्थ लावण्यांत माझे चार दिवस गेले. ते वायां गेले असें मला वाटत नाहीं. असा प्रसंग आज ना उद्यां प्रत्येक सुशिक्षित कुटुंबांत उद्भवणार आहे. म्हणून त्याची हकीकत येथें देत आहें.

माझा संगणक लिनक्स नांवाच्या प्रणालीवर चालतो. १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टॉरवाल्ड्स हा विद्यार्थी हौसेखातर तिचा गाभा लिहूं लागला, आणि पुढें जगभरच्या हजारों लोकांनीं तींत भर घातली. ती विनामूल्य मिळते आणि जुन्या यंत्रावर फारसा भार टाकीत नाहीं, एवढ्या दोन गुणांवर माझ्यासारख्या पेन्शनरानें ती पत्करली. तिचें घराणें मात्र तिच्याहून जुनें आहे. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन टॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनीं युनिक्स नांवाची प्रणाली उभारण्यास आरंभ केला. तिच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तकांतच 'माउंट' हा शब्द आढळतो. त्या काळीं तबकड्यांचे जड गठ्ठे आणि फितींचीं मोठीं चाकें यंत्रावर हातानें चढवावीं लागत. त्या चढविण्यालाच इंग्रजींत माउंट करणें म्हणत. आज बोटाएवढा पेन-ड्राइव्ह खांचेंत सरकवितांना चढविण्यासारखें कांहीं उरलेलें नाहीं. शब्द मात्र राहिला आहे.

ह्या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधूं लागलों, तेव्हां आमच्या कोंकणांतील आंब्याच्या बागा माझ्या डोळ्यांसमोर आल्या. आपल्या नित्य परिचयाच्या विंडोज प्रणालींत प्रत्येक साठवण म्हणजे एक स्वतंत्र घर. एकाचें नांव सी, दुसऱ्याचें डी, तिसऱ्याचें ई. लिनक्समध्यें तसें नाहीं. तेथें सगळा मिळून एकच वृक्ष असतो आणि त्याला एकच मूळ असतें. बाहेरून आलेली प्रत्येक साठवण त्या वृक्षाच्या कोठल्या तरी फांदीवर जोडावी लागते, आणि एकदां ती जोडली गेली कीं तिचीं पानें त्याच वृक्षाचीं होऊन जातात. ह्यालाच आमच्याकडे कलम बांधणें म्हणतात. काडी हातांत आहे, रोप समोर उभें आहे, एवढ्यानें कलम होत नाहीं. दोहोंचा जीव एकमेकांशीं जुळावा लागतो. यंत्राला पेन-ड्राइव्ह दिसणें निराळें, आणि त्यानें तो आपल्या अंगाला लावून घेणें निराळें. हा भेद ज्याच्या ध्यानांत आला, त्याला पुढची वाट पुष्कळ सोपी होते.

आतां मूळ हकीकत. माझे थोरले बंधु दोन वर्षांपूर्वीं वारले. ते जन्मभर शाळामास्तर होते. उतारवयांत हात कांपूं लागल्यामुळें लिहिणें सुटलें, तेव्हां शेवटच्या दीड-दोन वर्षांत ते रोज दुपारीं मोबाइलपुढें बसून आपल्या आठवणी बोलून ठेवीत. खाडीवरची तर, तिच्यांतून शाळेला जाणें, आमच्या आजीचीं झाडपाल्याचीं औषधें, गांवांत प्रथम वीज आली ती संध्याकाळ, असे त्यांचे विषय. माझ्या पुतण्यानें हीं सर्व ध्वनिमुद्रणें एका ८ गिगाबाइटच्या पेन-ड्राइव्हवर उतरवून घेतलीं होतीं. मोबाइल पुढें पाण्यांत पडून निकामी झाला. पेन-ड्राइव्ह वहिनींच्या देवघरांतील एका डबींत राहिला. आणि श्राद्धाच्या निमित्तानें सगळीं माणसें जमलीं असतां दादांचा आवाज ऐकावा म्हणून बाहेर काढला, तों तो उघडेना.

गांवांतील एका दुकानदारानें तो आपल्या संगणकाला लावून पाहिला. पडद्यावर सूचना आली, कीं ही तबकडी वापरण्यापूर्वीं फॉरमॅट करावी लागेल; करावयाची काय? दुकानदार भला माणूस. तो म्हणाला, "करून देतों, पांच मिनिटांचें काम. ड्राइव्ह अगदीं नव्यासारखा होईल." वहिनींनीं तो त्याच्या हातून परत घेतला आणि पुतण्याबरोबर मजकडे पाठवून दिला. फोनवर त्या एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, नवा ड्राइव्ह नको आहे हो मला. ह्यांचा आवाज हवा आहे."

वहिनींना संगणकांतलें कांहीं कळत नाहीं. पण ह्या विषयांतील सर्वांत मोठें तत्त्व त्यांनीं एका वाक्यांत सांगून टाकलें. दुकानांतील सूचना खोटी नव्हती. 'वापरण्यापूर्वीं' असा तिचा आरंभ होता, आणि वापरण्याच्याच दृष्टीनें ती दिलेली होती. पाटी वापरावयाची असेल तर ती पुसलीच पाहिजे; पाटीवर कोणी काय लिहून ठेवलें होतें, हा प्रश्न त्या सूचनेला पडतच नाहीं. घाईघाईच्या फॉरमॅटनें सगळा मजकूर तत्क्षणीं नाहींसा होतो असें नव्हे. परंतु कोणता मजकूर कोठें आहे ह्याची यादी कोरी होते, आणि मग उरतो तो पानें विसकटलेल्या, अंक नसलेल्या पोथीसारखा ढीग. पेन-ड्राइव्हमध्यें असलेल्या स्मृतीला 'फ्लॅश' म्हणतात. तोशिबा कंपनींतील फुजिओ मासुओका ह्यांनीं ती १९८०च्या दशकांत निर्माण केली. तिचा मोठा भाग एकदम पुसला जातो, हें पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला छायाचित्रकाराच्या दिव्याचा लखलखाट आठवला, आणि तेंच नांव पडलें. ज्या वस्तूवर आपण घरोघरचीं लग्नें, बारशीं आणि गेलेल्या माणसांचे आवाज विश्वासानें ठेवतों, तिला नांव मिळालें तें तिच्या पुसण्यावरून!

माझ्या यंत्रानेंही तो ड्राइव्ह जोडून घेतला नाहीं. मात्र त्याचा नकार निराळ्या शब्दांत होता. साठवणीची जात चुकीची असेल, किंवा दिलेला पर्याय चुकीचा असेल, किंवा तिचा मुख्य खंड बिघडला असेल, किंवा आणखी कांहीं असेल, असें लांबलचक उत्तर त्यानें दिलें. पुतण्या वैतागून म्हणाला, "काका, ह्याला स्वतःलाच ठाऊक नाहीं काय झालें आहे तें! त्यापेक्षां फॉरमॅट करून पुढें कांहीं निघतें का पाहूं या का?"

मीं म्हटलें, "ठाऊक नाहीं म्हणतो, हेंच बरें आहे. पुसूं का असें तरी विचारीत नाहीं. आतां कांहीं ठरविण्याआधीं आपणच त्याला प्रश्न विचारूं."

आमच्या वैद्यकांत रोग्याची परीक्षा दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशा तीन मार्गांनीं करावी असें सांगितलें आहे. येथेंही तोच क्रम उपयोगीं पडतो. पहिला प्रश्न असा, कीं यंत्राला ड्राइव्ह दिसतो तरी का? लिनक्सचा गाभा आपली एक रोजनिशी ठेवीत असतो. 'डीमेसेज' ही आज्ञा दिली कीं ती वाचावयास मिळते. ड्राइव्ह खांचेंत घातल्याबरोबर तींत नवीन ओळी उमटल्या पाहिजेत. कांहींच उमटलें नाहीं, तर दोष खांचेंत, जोडतारेंत किंवा ड्राइव्हच्या अंगांत आहे. अशा वेळीं दुसरी खांच आणि दुसरा संगणक पाहावा. ओळी उमटल्या, पण आकार शून्य दाखविला, तर आंतील नियंत्रक चकती बहुधा मेलेली असते, आणि मग कोणतीही आज्ञा चालत नाहीं. तें काम तज्ज्ञाचें. दुसरी आज्ञा 'एलएसबीएलके'. ती यंत्राला जोडलेल्या सर्व साठवणी व त्यांचे विभाग ओळीनें मांडून दाखविते. आमचा ड्राइव्ह तेथें 'एसडीबी' ह्या नांवानें होता, त्याचा एकुलता एक विभागही दिसत होता, आणि आकार होता ७.५. "अर्धा कोणी खाल्ला?" असें पुतण्यानें विचारलें. कोणीच नाहीं, विकणारा हजारांच्या पटीनें मोजतो आणि यंत्र १०२४च्या पटीनें, इतकेंच. आकार बरोबर दिसला ह्याचा अर्थ काडी जिवंत आहे. कलम कां धरीत नाहीं एवढेंच पाहावयाचें राहिलें.

दुसरा प्रश्न लिपीचा. आपल्याकडे जुन्या घरांतून मोडींत लिहिलेले कागद निघतात. केवळ बालबोध वाचणारा नातू ते पाहतो आणि म्हणतो, "ह्यावर नुसत्या रेघोट्या आहेत." कागद शाबूत असतो, शाई शाबूत असते; उणीव वाचणाराची असते. साठवणींच्याही अशा लिप्या आहेत. मायक्रोसॉफ्टनें २००६ सालीं 'एक्सफॅट' नांवाची एक नवी पद्धति आणली, आणि ३२ गिगाबाइटहून मोठीं कार्डें बहुधा तींतच येतात. तिचें विवरण त्या कंपनीनें २०१९ सालीं सर्वांस खुलें केलें. त्याच वर्षीं लिनक्सच्या ५.४ ह्या आवृत्तींत ती प्रथम शिरली, आणि २०२० सालच्या ५.७ मध्यें तिची सुधारलेली सोय झाली. त्याहून जुना लिनक्स असेल तर तो सरळ सांगतो, कीं एक्सफॅट ही जात मला ठाऊक नाहीं. असें उत्तर आलें तर आनंद मानावा. ती लिपी शिकविणारें छोटेसें साधन संगणकावर बसविलें कीं काम झालें. ड्राइव्हला हात लावण्याचेंही कारण नाहीं.

तिसरा प्रश्न हिशेबाचा. व्यापारी दिवसभराचे व्यवहार आधीं रोजकीर्दींत टिपतो आणि सवडीनें खतावणींत उतरवितो. संगणकही तसाच वागतो. आपण 'ठेव' म्हटलें कीं तो मजकूर आधीं स्वतःजवळ ठेवतो, आणि थोड्या वेळानें ड्राइव्हवर लिहितो. त्या मधल्या वेळांत कोणी ड्राइव्ह उपटून काढला, तर खतावणी अर्धवट राहते. म्हणून तर काढण्यापूर्वीं रीतसर निरोप द्यावयाचा असतो. एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर अशा वेळीं 'हिशेब अपुरा' अशी खूण राहते, आणि २०२१ सालीं लिनक्सच्या ५.१५ आवृत्तींत आलेला तिचा नवा वाचक ती खूण पाहतांच दारांत थांबतो. बळजबरीनें शिरण्याची आज्ञा त्याला देतां येते. पण शहाण्यानें ती देऊं नये. दुसऱ्याच्या अर्धवट खतावणींत आपण लिहूं लागलों, तर दोघांचाही हिशेब बुडतो. तो ड्राइव्ह ज्या प्रणालींतला, त्या प्रणालीकडूनच त्याची तपासणी करवून घ्यावी हें बरें.

आमचें प्रकरण ह्यांपैकीं कशांतच बसेना. कोणती लिपी आहे असें विचारणारी आज्ञा गप्प राहिली, आणि रोजनिशींत ग्राह्य असा फॅट पद्धतीचा आरंभ सांपडत नाहीं अशी नोंद होती. ह्या नोंदीनें मात्र दिशा दिली. लहान पेन-ड्राइव्ह बहुधा 'फॅट-३२' ह्या १९९६ सालच्या पद्धतीनें मांडलेले असतात. तींत विभागाच्या अगदीं आरंभीं ५१२ बाइटांचा एक खंड असतो. पोथीच्या मुखपृष्ठासारखें त्याचें काम. खंड केवढा, किती खंडांचा एक गट, आरंभीं किती जागा राखलेली, यादीच्या प्रती किती, मूळ अनुक्रमणिका कोठें, हें सर्व त्या एका पृष्ठावर असतें. तें पृष्ठ फाटलें कीं आंतील एकही अक्षर न पुसतां सबंध पोथी मुकी होते. दुकानांतील यंत्राला ती कोरी वाटली ती ह्यामुळें. आणि माझ्या यंत्रानें 'जात चुकीची असेल, किंवा खंड बिघडला असेल' असें म्हटलें तेंही ह्यामुळेंच. दोघांसमोर पुरावा एकच होता. एकानें त्यावरून कोरेपणाचा निष्कर्ष काढला. दुसऱ्यानें आपल्याला वाचतां येत नाहीं एवढेंच सांगितलें.

ह्यापुढचें पाऊल टाकण्यापूर्वीं मीं एक गोष्ट केली, आणि ती प्रत्येकानें करावी असा माझा आग्रह आहे. 'डीडीरेस्क्यू' नांवाचें साधन घेऊन त्या सबंध विभागाची, जशीच्या तशी, एक प्रत माझ्या संगणकावर उतरवून घेतली. हें साधन मोठें समंजस आहे. जेथें सहज वाचतां येतें तेथलें तें आधीं वाचून घेतें, अडलेल्या जागा टिपून ठेवतें, आणि मग सावकाश पुन्हा त्यांच्याकडे वळतें. बहुतेक भाग अर्ध्या तासांत आला. उरलेल्या थोड्या जागांसाठीं रात्र गेली. सकाळीं मूळ ड्राइव्ह काढून मीं कागदांत गुंडाळून ठेवला. ह्यानंतर जें कांहीं बरेंवाईट होणार तें प्रतीचें होणार होतें. मनाला जो शांतपणा आला त्याचें वर्णन करणें कठीण आहे. हातांत एकमेव वस्तु असतांना माणूस भितो, आणि भ्यालेला माणूस घाई करतो.

आतां फॅट-३२च्या कर्त्यांचे उपकार सांगितले पाहिजेत. मुखपृष्ठ फाटूं शकतें हें त्यांनीं आधींच जाणलें होतें. म्हणून त्याची एक नक्कल ते थोडी पुढें, शून्यापासून मोजल्यास सहाव्या खंडांत, ठेवून देतात. रोजच्या व्यवहारांत तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाहीं. 'टेस्टडिस्क' नांवाचें एक विनामूल्य साधन हीं दोन्ही पृष्ठें ताडून पाहतें. त्यानें सांगितलें, कीं पहिलें निरुपयोगी आहे, नक्कल ठीक आहे. नकलेवरून पहिलें लिहूं का? ह्या प्रश्नाला मात्र मीं निःशंक होऊन 'हो' म्हटलें. नंतर ती प्रत केवळ वाचण्यापुरती, कांहींही न लिहिण्याच्या अटीवर, वृक्षाला जोडली. कलम धरलें. पडद्यावर एकामागून एक त्रेचाळीस नांवें उमटलीं, आणि प्रत्येक नांवांत तारीख होती.

पुतण्यानें त्यांतलें पहिलेंच लावलें. दादांचा तो नेहमींचा खोकला आधीं आला, आणि मग "हं, तर काय सांगत होतों," असे शब्द. आम्ही दोघेही कांहीं वेळ बोललों नाहीं. वहिनींना फोन लावून तो त्याच्यापुढें धरला. त्यांनीं शेवटपर्यंत ऐकलें आणि मग विचारलें, "सगळीं आलीं?"

सगळीं आलीं नव्हतीं. दोन ठिकाणीं आवाज मध्येंच खरखरत होता. आणि त्रेचाळिसावें मुद्रण पूर्ण रिकामें होतें. नांव होतें, तारीख होती, लांबी शून्य. बहुधा तें उतरवून घेत असतांनाच वीज गेली असावी. यादींत नोंद झाली, मजकूर पोंचलाच नाहीं. जें लिहिलेंच गेलें नाहीं तें कोणत्याही युक्तीनें परत येत नसतें. हें मीं वहिनींना सांगितलें. पुतण्या हळूच म्हणाला, "काकू-काकांकडे प्रती ठेवतांना ही रिकामी फाइल वगळूं का?" वहिनींनीं तें ऐकलें. त्या म्हणाल्या, "नको, राहूं दे. त्या दिवशीं ते बोलले होते, एवढें तरी तींत आहे."

ह्या प्रसंगापासून मला असें वाटूं लागलें आहे, कीं 'जोडतां येत नाहीं' हें यंत्राचें उत्तर शेवटचें उत्तर समजूं नये, आणि त्याचा रागही मानूं नये. तें म्हणजे एका संभाषणाचा आरंभ असतो. दिसतें का, आकार कळतो का, लिपी ओळखीची आहे का, हिशेब पुरा आहे का, मुखपृष्ठ शाबूत आहे का, हे पांच प्रश्न क्रमानें विचारले, आणि विचारण्याच्या भरांत त्या वस्तूवर कांहीं लिहिलें नाहीं, तर पुष्कळदां उत्तर मिळतें. ज्या उपायानें प्रश्नच पुसला जातो तो उपाय सर्वांत सोपा असतो, सर्वांत आधीं पुढें येतो, आणि तो सुचविणारा माणूस बहुधा भलाच असतो. म्हणूनच त्याला 'थांबा' म्हणणें कठीण जातें.

दादांच्या आठवणींच्या आतां तीन प्रती आहेत: एक वहिनींकडे, एक माझ्याकडे, आणि एक पुण्याला पुतण्याकडे. दर सहा महिन्यांनीं त्या उघडून पाहावयाच्या असें ठरलें आहे, कारण न उघडलेली प्रत आहे कीं नाहीं हें कोणीच छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. मूळ पेन-ड्राइव्ह दुरुस्त केलेला नाहीं. तो पांच मिनिटांत नव्यासारखा होईल हें दुकानदाराचें म्हणणें कदाचित् खरेंही असेल; परंतु त्याची आम्हांला गरज पडली नाहीं, आणि तो आहे तसाच, बिघडलेला, वहिनींच्या डबींत परत गेला आहे.